विश्वाचा आरंभ आणि एक न टाकलेले पोस्टकार्ड

शाळेच्या स्मरणिकेसाठी आमच्या तुकडीने काही लिहावे, असा निरोप आला तेव्हा आम्ही अकरा जण पुष्कळ वर्षांनी एकत्र बसलो. १९९३ साली दहावी उत्तीर्ण होऊन वसतिगृहाच्या फाटकाबाहेर पडलेली ही तुकडी. आज आमच्यात कोणी शिक्षक आहे, कोणी परिचारिका, कोणी बँकेत आहे, कोणी एस. टी. महामंडळात वाहक, तर दोघे जण गावीच शेती करतात. आठवणी भरपूर निघाल्या. पहाटेची वंदना, विहिरीवरील रांग, भोजनगृहातील मावशींचा प्रेमळ धाक. या सर्वांविषयी इतर तुकड्या लिहितीलच. आम्ही मात्र या शाळेने आमच्या हाती दिलेल्या एका प्रश्नाविषयी लिहिण्याचे ठरवले. विश्वाचा आरंभ झाला तेव्हा पाहायला कोणीही नव्हते. मग तो कसा झाला हे शास्त्रज्ञांना कळते कसे, हा तो प्रश्न.

त्याची सुरुवात झाली ती सभागृहातील कृष्णधवल दूरदर्शन संचापासून. वारा सुटला की छतावरचा अँटेना फिरे आणि पडद्यावर मुंग्या येत. मग आमच्यातील एखाद्याने छतावर चढायचे, अँटेना हळूहळू वळवायचा आणि खालून बाकीच्यांनी "आल्या, गेल्या, पुन्हा आल्या" असा पुकारा करायचा, हा दर रविवारचा कार्यक्रम होता. एका संध्याकाळी विज्ञानाचे सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "या मुंग्यांना कंटाळू नका रे. यांतली शंभरातली एखादी मुंगी विश्वाच्या बालपणापासून चालत इथवर आली आहे." आम्ही हसलो. सर हसले नाहीत.

जून १९९२ मध्ये शाळा उघडली तेव्हा सरांच्या हाती वर्तमानपत्राचे एक कात्रण होते. 'कोबे' नावाच्या अमेरिकन उपग्रहाने विश्वाच्या सर्वांत जुन्या प्रकाशातील अतिसूक्ष्म चढउतार टिपले, अशी ती बातमी होती. सरांनी ती वाचून दाखवली आणि लगेच दुसरी गोष्टही सांगितली. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले आणि पुण्यात 'आयुका' ही संस्था उभारणारे डॉ. जयंत नारळीकर यांना विश्वाचा असा एकच आरंभ झाला हे मान्य नाही. आम्ही गोंधळलो. एवढी मोठी माणसे, एकच आकाश, आणि मते मात्र दोन!

डॉ. नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना स्वाक्षरीऐवजी पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवायला सांगत आणि त्या प्रश्नाचे उत्तर स्वाक्षरीसह पाठवत. सरांनी हे सांगताच आम्ही एक पोस्टकार्ड लिहिले. "आदरणीय महोदय, विश्वाला आरंभ होता असे वर्तमानपत्रात आले आहे. आपण तसे मानत नाही असे आमचे सर सांगतात. बरोबर कोण, हे कसे ठरवायचे?" खाली अकरा सह्या. ते पोस्टकार्ड आम्ही कधीच पेटीत टाकले नाही. शुद्धलेखन चुकले असेल, अक्षर वेडेवाकडे आहे, एवढा मोठा माणूस आपल्याला हसेल, असे म्हणत ते एका वहीत राहिले. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात पत्र लिहिणारी ती पहिलीच पिढी होती; आपल्या प्रश्नाला कोणी उत्तर देईल यावर आमचा विश्वास नव्हता. २० मे २०२५ रोजी डॉ. नारळीकर गेल्याची बातमी आली. त्यानंतर आमच्यातील एकीने आपली जुनी पेटी उघडली आणि ते पोस्टकार्ड बाहेर काढले. प्रश्न विचारायचा राहिला याची हळहळ आहेच. परंतु मधल्या तेहतीस वर्षांत आम्ही वाचत राहिलो, आणि "कसे ठरवायचे" याचे थोडेफार उत्तर आमच्या हाती लागले. ते आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली गोष्ट सरांनीच शिकवली होती. प्रकाशाला प्रवासाला वेळ लागतो, म्हणून दूर पाहणे म्हणजे भूतकाळ पाहणे. सूर्य आपल्याला दिसतो तो सुमारे आठ मिनिटांपूर्वीचा. देवयानी दीर्घिका दिसते ती सुमारे २५ लाख वर्षांपूर्वीची. इतिहासकाराला जुने कागद शोधावे लागतात. खगोलशास्त्रज्ञाला जुना प्रकाश आपणहून भेटायला येतो. फक्त तो वाचता आला पाहिजे.

तो वाचण्याची किल्ली शोधणाऱ्या माणसांच्या कहाण्या आम्हांला विशेष जवळच्या वाटल्या. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत हेन्रिएटा लेव्हिट या बाई काचेच्या छायापट्टिकांवरील ताऱ्यांची तेजस्विता मोजत. दुर्बिणीवरचे काम पुरुषांचे आणि हे किचकट मोजमापाचे काम कमी पगारावर स्त्रियांचे, अशी तेव्हाची विभागणी होती. बाईंना ऐकू कमी येत असे. त्यांनी १९१२ साली दाखवून दिले की काही तारे ठरावीक काळाने कमीजास्त तेजस्वी होतात आणि हा काळ जितका मोठा तितका तो तारा मुळात अधिक तेजस्वी असतो. खरे तेज कळले, दिसणारे तेज मोजले, की अंतर काढता येते. आकाश मोजण्याची फूटपट्टी हाती आली.

दुसरे मिल्टन ह्यूमसन. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली. कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर वेधशाळेचे सामान वाहून नेणारी खेचरे ते हाकत. पुढे त्याच वेधशाळेत ते झाडलोट आणि देखभालीच्या कामावर लागले. रात्रपाळीत दुर्बिणीवर मदत करता करता निरीक्षणे शिकले, आणि दूरच्या दीर्घिकांचे वर्णपट टिपण्यात त्यांचा हात धरणारा कोणी उरला नाही. सरांनी ही गोष्ट सांगितली त्या दिवशी वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही. आमचे वडील बैलगाडी हाकत, खडी फोडत, दुसऱ्याच्या रानात राबत. शाळा सुटलेला एक माणूस दीर्घिकांचा वेग मोजतो, हे आम्हांला कोणत्याही उपदेशाहून अधिक काही सांगून गेले.

लेव्हिट बाईंची फूटपट्टी आणि वर्णपटांवरून काढलेले वेग एकत्र ठेवून एडविन हबल यांनी १९२९ साली दाखवले की दीर्घिका जितकी दूर, तितक्या वेगाने ती आपल्यापासून लांब जाते. एस. टी. दूर जाऊ लागली की तिच्या भोंग्याचा स्वर उतरतो. तसाच काहीसा बदल दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशात होतो आणि तो तांबड्या रंगाकडे सरकतो. सरांनी फुग्यावर शाईचे ठिपके काढून तो फुगवला होता. प्रत्येक ठिपका इतर सर्वांपासून दूर जात होता, आणि मध्यबिंदू असा एकही ठिपका नव्हता. बेल्जियमचे धर्मगुरू आणि गणिती जॉर्ज लमेत्र यांनी १९२७ सालीच प्रसरण पावणाऱ्या विश्वाचे गणित मांडले होते. आज सारे दूर जात असेल, तर काल ते जवळ होते. पुरेसे मागे गेले, तर सारे विश्व अतिशय दाट आणि अतिशय तप्त असले पाहिजे.

पण 'असले पाहिजे' आणि 'होते' यांत फार अंतर आहे. इथेच 'कसे ठरवायचे' हा प्रश्न उभा राहतो. १९४८ साली फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड यांनी दुसरे उत्तर दिले. विश्व प्रसरण पावते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य निर्माण होत राहते. म्हणून विश्व सदैव आजच्यासारखेच होते व राहील. 'बिग बँग' म्हणजे महास्फोट हे नाव हॉइल यांनीच १९४९ साली रेडिओवरील भाषणात वापरले, आणि ते त्या कल्पनेचे विरोधक होते. याउलट राल्फ आल्फर व रॉबर्ट हर्मन यांनी १९४८ सालीच सांगितले होते की विश्व एकेकाळी तप्त असेल, तर त्या उष्णतेचा निवालेला अवशेष आजही सर्वत्र असला पाहिजे, निरपेक्ष शून्याहून पाचेक अंश वर. दोन्ही पक्षांनी स्वतःला अडकवून घेतले होते. आकाशात अमुक सापडले तर आम्ही चूक, असे दोघांच्याही गणितातून निघत होते. शास्त्राची प्रतिष्ठा आम्हांला या अडकवून घेण्यात दिसते.

उत्तर आले ते अनपेक्षित ठिकाणाहून. अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यात बेल प्रयोगशाळेचा शिंगाच्या आकाराचा एक मोठा अँटेना होता. १९६४ साली अर्नो पेंझियस व रॉबर्ट विल्सन यांना त्यात एक खरखर ऐकू येऊ लागली. अँटेना कोणत्याही दिशेला वळवा, दिवस असो वा रात्र, कोणताही ऋतू असो, ती तशीच. आत कबुतरांनी घर केले होते. त्यांना हुसकले, त्यांची घाण पुसून काढली, सांधे तपासले. खरखर गेली नाही. जवळच प्रिन्स्टन येथे रॉबर्ट डिकी यांचा गट तोच निवालेला अवशेष शोधण्याची तयारी करत होता. दोन्ही बाजूंचे बोलणे झाले आणि १९६५ साली जगाला कळले की ती खरखर यंत्राचा दोष नसून विश्वाच्या बालपणीचा प्रकाश आहे. आमच्या पडद्यावरील शंभरातली ती एक मुंगी हीच. छतावर चढून अँटेना वळवणारे आम्ही आणि न्यू जर्सीतील ते दोघे एकाच गोष्टीवर वैतागलो होतो. फरक इतकाच, की त्यांनी वैताग तडीस नेला. त्यांना १९७८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

हा प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे होते. त्याआधी विश्व इतके तप्त होते की अणू टिकत नसत. सुट्या इलेक्ट्रॉनांवर आपटून प्रकाश जागच्या जागी भरकटत राही, जणू दाट धुके. तापमान सुमारे ३००० अंशांवर आले, अणू जुळले, धुके निवळले आणि प्रकाश मोकळा झाला. विश्व ताणले गेले तसा तो सुमारे अकराशे पट ताणला गेला आणि आज त्याचे तापमान निरपेक्ष शून्याहून केवळ २.७ अंश वर आहे. 'कोबे'ने १९९२ साली त्यात एक लाखात एक अशा प्रमाणाचे चढउतार दाखवले. तेच कात्रण सरांच्या हाती होते. जिथे किंचित अधिक दाटपणा होता तिथे गुरुत्वाने द्रव्य गोळा होत गेले आणि दीर्घिका घडल्या. पुढे प्लांक उपग्रहाने हा नकाशा आणखी बारकाईने काढला आणि त्यावरून विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे ठरले.

साक्षीदार एवढा एकच नाही. भोजनगृहातील मावशी पातेल्याला लागलेली खरवड पाहून चुलीला किती जाळ होता हे अचूक सांगत. शास्त्रज्ञ तसेच हेलियमकडे पाहतात. आरंभीच्या काही मिनिटांत विश्व ज्या वेगाने निवले असेल, त्यावरून गणित सांगते की सामान्य द्रव्याच्या वजनाचा सुमारे चौथा भाग हेलियम असायला हवा. सर्वांत जुन्या, ताऱ्यांचा फारसा संस्कार न झालेल्या वायूत तो तितकाच सापडतो. तिसरा मार्ग प्रयोगशाळेचा. जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटर परिघाच्या वर्तुळात अणुकेंद्रके आदळवून शास्त्रज्ञ क्षणभर तशा उष्णतेचे द्रव्य निर्माण करतात, जे विश्वात पहिल्या सेकंदाच्या काही दशलक्षांश भागापर्यंतच होते. या कामात भारतीय शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. एकमेकांना न भेटलेले साक्षीदार एकच हकीकत सांगतात तेव्हा तिच्यावर विश्वास ठेवावा लागतो.

डॉ. नारळीकर हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी. स्थिर विश्वाच्या मूळ मांडणीला आकाशाने साथ दिली नाही. परंतु १९९३ साली त्यांनी हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह तिची सुधारित मांडणी केली आणि महास्फोटाच्या चित्रावर ते शेवटपर्यंत प्रश्न विचारत राहिले. बहुतेक शास्त्रज्ञांना त्यांचे उत्तर पटले नाही. तरीही त्यांनी उभारलेल्या संस्थेत महास्फोट मानणारे अभ्यासक निर्धास्तपणे काम करत आले. आपल्या मताच्या विरुद्ध मताला आपल्याच छपराखाली जागा देणे, हे आम्हांला एखाद्या सिद्धान्ताइतकेच मोठे वाटते.

चूक कबूल करण्याची उदाहरणेही आहेत. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील 'बायसेप २' दुर्बिणीच्या गटाने आरंभीच्या क्षणांतील गुरुत्वीय लहरींची खूण सापडल्याचे जाहीर केले. जगभर जल्लोष झाला. वर्षभराच्या आत प्लांकच्या मोजमापांशी मिळून पाहिले, तेव्हा ती खूण आपल्याच आकाशगंगेतील धुळीने समजावून सांगता येते असे ठरले, आणि तसे त्या गटानेही मान्य केले. २०१८ साली ऑस्ट्रेलियातील एका उपकरणाने पहिल्या ताऱ्यांची खूण मिळाल्याचे सांगितले. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने कर्नाटकातील जलाशयांवर आपला अँटेना तरंगत ठेवून पडताळा पाहिला आणि तशी खूण आढळत नाही, असे २०२२ साली प्रसिद्ध केले. कोणी कोणाचा शत्रू झाला नाही.

काही वर्षांपूर्वी विज्ञान दिनाला आम्ही मुलाबाळांसह नारायणगावजवळच्या खोडदला गेलो होतो. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ती महाकाय रेडिओ दुर्बीण. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात, शेतांच्या मधोमध पसरलेल्या. मोबाइल बंद ठेवावे लागतात, कारण दूरच्या हायड्रोजनची कुजबुज आपल्या गोंगाटात बुडून जाते. पहिल्या ताऱ्यांच्या काळातील हायड्रोजनचा शोध तिथेही घेतला गेला. ती कुजबुज याहून मोठी नसावी, अशी मर्यादा आखता आली, पण ती प्रत्यक्ष हाती आलेली नाही. आमच्यातील वाहकमित्र म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षे ऐकत बसायचे आणि ऐकू आले नाही तर तेही लिहून ठेवायचे!" त्याने एका वाक्यात सारे सांगितले.

हा प्रश्न आम्हांला केवळ कुतूहलाचा का वाटत नाही, हेही लिहिले पाहिजे. आमच्या पूर्वजांना उत्पत्तीची एक कथा ठाऊक होती, आणि त्या कथेने त्यांची पायरी त्यांच्या जन्माआधीच ठरवून टाकली होती. कोणी पाहिले, कशावरून, असे विचारण्याची सोय तिच्यात नव्हती. लमेत्र यांनी आपला निबंध प्रसिद्ध केला त्याच १९२७ साली, २० मार्चला, बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि त्यांची केंद्रके विश्वाच्या आरंभीच घडलेली आहेत. त्या ओंजळीतले पाणी आणि ते नाकारणाऱ्यांच्या घागरीतले पाणी यांचे वय एकच होते. भौतिकशास्त्राने सांगितलेली उत्पत्तीची हकीकत कोणालाही वरची वा खालची पायरी देत नाही, आणि 'कशावरून' या प्रश्नाला घाबरत नाही.

मात्र एक सावधगिरी आम्ही उशिरा शिकलो. तरुणपणी भाषणांत आम्ही ठोकून देत असू की हे सारे आपल्या ग्रंथांत आधीच सांगितलेले आहे. आता तसे म्हणत नाही. जग शाश्वत की अशाश्वत, असे मालुंक्यपुत्ताने विचारले तेव्हा भगवान बुद्धांनी उत्तर दिले नाही. बाण लागलेल्या माणसाने आधी बाण काढावा, असा दृष्टान्त दिला. त्या मौनाला महास्फोटाचा पुरावा ठरवणे म्हणजे धम्म आणि विज्ञान या दोहोंवर अन्याय आहे. धम्म दुःखाच्या निवारणाचा मार्ग सांगतो. विश्वाचे वय दुर्बीण सांगते. आपल्याला जे कळलेले नाही ते कळले असे म्हणायचे नाही, एवढी शिस्त मात्र दोन्हीकडे लागते.

आणि न कळलेले पुष्कळ आहे. विश्वात आपल्या ओळखीचे द्रव्य जेमतेम ५ टक्के; उरलेले अदृश्य द्रव्य आणि अदृश्य ऊर्जा म्हणजे नेमके काय, हे ठाऊक नाही. प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी मोजला तर दोन वेगळी उत्तरे येतात. त्या ३ लाख ८० हजार वर्षांच्या धुक्यापलीकडे कोणतीही प्रकाशाची दुर्बीण पाहू शकत नाही; गुरुत्वीय लहरी मात्र त्यातून आरपार येऊ शकतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास २०२३ साली मंजुरी मिळाली आहे. ती कृष्णविवरांच्या धडकांसारख्या घटना ऐकेल. आरंभीच्या लहरी ऐकण्यासाठी आणखी वेगळी साधने लागतील. पण ज्या मराठवाड्यातून आमच्यातील चौघे या शाळेत आले, तिथल्या मुलांना हे काम आता घराजवळ पाहायला मिळेल. आणि अगदी आरंभाच्या क्षणी, किंवा त्याआधी काही होते का, याचे उत्तर आज कोणाकडेही नाही.

बरोबर कोण, हे कसे ठरवायचे? आमच्या पोस्टकार्डाचे आमच्यापुरते उत्तर असे : आपण कशाने चुकीचे ठरू हे आधीच सांगायचे, मग शोधायचे, आणि जे सापडेल ते निमूटपणे मान्य करायचे. बोलणारा किती मोठा आहे याने काही ठरत नाही.

ते जुने पोस्टकार्ड आम्ही शाळेच्या ग्रंथालयाला दिले आहे. सोबत कोऱ्या पोस्टकार्डांचा एक गठ्ठा दिला आहे. वसतिगृहातील मुलामुलींनो, मनात येईल तो प्रश्न त्यावर लिहा आणि कोणत्याही विद्यापीठाच्या, कोणत्याही वेधशाळेच्या पत्त्यावर पाठवा. शुद्धलेखन चुकले तरी चालेल. फक्त पेटीत टाकायला विसरू नका.